बाईंच्या वाट्याची रास

नागपुरात मला ठेवून घेतलं ते बाईंनी. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे सांगता सांगता मी कुठे भरकटले तरी मुख्य गोष्ट राहून जायची नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीत उभं राहून साक्ष देताना 'प्रभूनं ठेवून घेतलं' असं म्हणायची रीत आहे, आणि मीही तसंच म्हणते. पण ते काम प्रभूनं बाईंकडून करून घेतलं, आणि करून घेताना त्यालाही बाईंचं थोडंफार ऐकावं लागलं असणार.

त्यांचं नाव लिहीत नाही. नागपुरातल्या सदरच्या मिशन कंपाउंडपासून भिवापूरकडच्या खेड्यांपर्यंत सगळे त्यांना बाईच म्हणत. काम बायबल-बाईचं. म्हणजे ज्या गावात मोजकी ख्रिस्ती घरं आहेत आणि पाळक क्वचित उगवतो, तिथं जाऊन राहायचं, बायांना शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या, गीतं शिकवायची, आजाऱ्यापाशी बसायचं, आणि ज्याला ऐकायचं असेल त्याला प्रभूबद्दल सांगायचं. तुम्हीही अशा बाया पाहिल्या असतील: पांढरं लुगडं, काखेत पिशवी, झिजलेल्या चपला आणि चेहऱ्यावर सोशिक हसू. आमच्या बाईंकडे यातलं हसू सोडून सगळं होतं.

काही मनाविरुद्ध कानावर आलं की त्या पदर नाकावरून घट्ट ओढून मानेमागे खोचत. मग पदराआडून आवाज येई, "कोण म्हणते? जो म्हणते त्याले इथं येऊन म्हणू दे."

बहुतेक वेळा कुणी येत नसे.

मी सांगलीकडची. शाळा सहावीत सुटली, पुढे लग्न झालं, नवरा तापानं गेला आणि मी भावाच्या घरी परत आले. तिथं मला कुणी वाईट बोललं नाही. घर होतं, फक्त त्यात माझी जागा नव्हती. मी बसले की कुणाला तरी उठावं लागे. आमच्या पाळकांनी ओळखीनं नागपूरला कळवलं आणि इथल्या मिशनच्या कमिटीनं मला बाईंच्या हाताखाली घेतलं, तेही इस्टरपर्यंत. "शिक्षण कमी आहे," सेक्रेटरीसाहेब म्हणाले, "पाहू."

त्या 'पाहू'नं माझी झोप उडवली. बाईंच्या खोलीत मी माझी पत्र्याची पेटी खाटेखाली सरकवून ठेवली. लागेल तेवढंच काढायचं आणि परत घडी करून आत ठेवायचं. उद्या जा म्हणाले तर धांदल नको.

बाईंनी काही दिवस हे नुसतं पाहिलं. मग म्हणाल्या, "काहून वं, गाडी सुटून राहिली का तुही?"

"तसं नाही बाई. पण कमिटी म्हणते..."

"कोण म्हणते?" पदर नाकावर गेला. त्यांनी पेटी ओढली, माझी सगळी लुगडी काढून दांडीवर टाकली आणि पेटी उलटी करून तिच्यावर कंदील ठेवला.

त्या बाहेर गेल्या की मी लुगडी पेटीत भरायची. त्या आल्या की काढायच्या. आमचं हे बरेच दिवस चाललं आणि त्याबद्दल आम्ही दोघी एकमेकींशी एक अक्षर बोललो नाही.

इतवारीहून छोट्या रेल्वेनं आम्ही उमरेडवरून भिवापूरकडे जात असू. ती गाडी इतकी सावकाश चाले की बाई खिडकीतून शेतातल्या ओळखीच्या बाईला खुशाली विचारत, आणि उत्तर येईपर्यंत ती बाई दिसत असे. भिवापूरच्या अलीकडे एका गावात आमचं मुख्य काम होतं. कौलारू, शेणानं सारवलेलं लहानसं देऊळ, म्हणजे आमचं चर्च. मागे एक खोली. आणि मंडळीतली सगळी माणसं मजुरीवर जाणारी.

मिरचीच्या हंगामात तिथं सातरे लागतात. मोकळ्या मैदानात वाळल्या लाल मिरचीच्या राशी पडलेल्या असतात आणि बाया रांगेनं बसून देठ खुडतात, त्याला सातरा म्हणतात. लांबून वाटतं कुणी मैदानभर लाल कापड वाळत घातलंय. जवळ गेलं की शिंक येते, मग काही वाटायचं राहत नाही.

पहिल्या दिवशी मी विचारलं, "बाई, सभा कुठं घ्यायची?"

"सभा कायची? पोतं आथर अन् बस."

बाईंची काम करायची तऱ्हा ही होती. बायांच्या रांगेत बसायचं, आपल्यापुढे रास घ्यायची, आणि ती रास खुडून होईपर्यंत प्रभूचं नाव काढायचं नाही. सुनेचं, पाण्याचं, पोरांच्या खोकल्याचं काय ते बोलावं. रास संपली की मग गोष्ट. तीही बाई पुरी सांगत नसत. बापाचा पैसा उडवून उपाशी पडलेल्या उधळ्या पोराला डुकरांच्या चाऱ्यापर्यंत आणून ठेवलं आणि उठल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या जातीच्या बाया भराभरा खुडू लागल्या. "बाई, पुढं काय झालं त्या पोट्ट्याचं?" "रास संपू दे."

सातऱ्याचा मालक शेठ पहिल्याच आठवड्यात येऊन उभा राहिला होता. "बाई, इथं धरमाचं काही चालणार नाही हां."

"मी मिरची खुडून राहिली, शेठ."

"तोंडानं काय करून राहिल्या?"

"तोंड माह्यं आहे. मजुरी हाताची घेतली, तोंडाची नाही घेतली."

शेठ गेला. संध्याकाळी पोती मोजायला आला तेव्हा बाईंपाशी रेंगाळला, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाला, "काय हो बाई, तो पोट्टा घरी आला का मंग?"

"उद्या या," बाई म्हणाल्या.

माझी बोटं या कामाला नवी. नखं तुटली, हातांची आग व्हायची, आणि सगळ्यांच्या राशी उतरल्या तरी माझी तशीच. मालकानं हात सावकाश आहे म्हणून उठवलं तर, ही नवी काळजी. पण दुपारपर्यंत माझी रास कशी कोण जाणे, उतरायची. शेजारी बसणाऱ्या भागरतानं ते पाहिलं. भागरता आमच्याच मंडळीतली, हसरी आणि तोंडाळ.

"बाई, हिची मिरची तुमच्याकडे चालत जाऊन राहिली."

"मिरचीले पाय फुटले," बाई म्हणाल्या आणि माझ्या राशीतली आणखी एक ओंजळ आपल्याकडे ओढली.

या भागरताचंच एक सांगते. पाळक यायचा नाही त्या रविवारी गावची उपासना ती चालवी. वाचता येत नव्हतं; गोष्टी तोंडपाठ, आवाज खणखणीत. बाईंनीच तिला उभं केलं होतं. सेक्रेटरीसाहेबांना ते समजलं. ते सदरला बाईंना म्हणाले, "बाई, असं चालत नाही."

"कोण म्हणते?"

"मी म्हणतोय."

"मंग दर रविवारी तुमी या, साहेब. भागरता चहा करन."

साहेबांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. माणूस वाईट नव्हता. पांढराशुभ्र शर्ट, खिशात अत्तराचा रुमाल. आयुष्यभर त्यांनी प्रार्थना केली होती की या भागात काही तरी मोठं घडावं, आणि घडलं काहीच नव्हतं. त्या भुकेनंच पुढचा घोटाळा झाला असं मला वाटतं.

इस्टर जवळ आला तेव्हा माझं काम पाहायला ते स्वतः गावी आले. सातऱ्यावर जेवणाची सुट्टी झाली होती. सुट्टीत ज्यांची इच्छा असेल त्या बाया लिंबाखाली प्रार्थनेला बसत, आणि त्याला शेठची हरकत नव्हती. बाईंनी तिथं एक नियम घातला होता: प्रार्थनेत डोळे मिटायचे, पण हात गुडघ्यांवर, तळवे वर उघडे. तोंडाला हात लावायचा नाही. मिरचीत बसणाऱ्या बायांना हे सांगावं लागत नाही; त्या तर तान्ही पोरंसुद्धा कोपरांनी उचलतात. आमच्या सांगलीकडे मात्र दोन्ही तळहातांनी चेहरा झाकून प्रार्थना करतात. लहानपणापासूनची सवय. मी ती इथं येऊन मोडली होती.

साहेब समोर येऊन बसले. म्हणाले, "ताई, आज प्रार्थना तुम्ही करा."  तोंड उघडलं, आणि भीतीनं मी घरच्यासारखे दोन्ही हात चेहऱ्यावर घट्ट दाबले.

पुढचं सांगायला नको. "प्रभू! प्रभू रे!" एवढंच माझ्या तोंडातून निघत होतं. मी लिंबाखाली लोळायची बाकी होते. बाया धावल्या. धावताना कुणाचा तरी पाय राशीत गेला, भुकटी उडाली आणि सगळा घोळका शिंकू लागला, डोळ्यांतून पाणी गाळू लागला. भागरता हसता हसता रडत होती. "धुवा वं तिले, धुवा!" म्हणत तिनं आपल्या जेवणातलं ताक माझ्या तोंडावर ओतलं.

मला काही दिसत नव्हतं. साहेबांचा आवाज तेवढा ऐकू आला, तोही भरून आलेला: "हे पवित्र आत्म्याचं काम आहे." त्यांना परतीची गाडी गाठायची होती. बाई माझे डोळे धूत होत्या. वर पाहीपर्यंत साहेब गेलेले.

रविवारी सदरच्या चर्चमध्ये त्यांनी उभं राहून सगळं सांगितलं. कमी शिकलेल्या एका भगिनीची तळमळ, एका सातऱ्यावर पन्नास स्त्रियांचे पश्चात्तापाचे अश्रू, या भागात पूर्वी कधी न झालेली जागृती. ताकाचा उल्लेख नव्हता. लोक वळून वळून माझ्याकडे पाहत होते. उपासनेनंतर कुणी तरी माझा हात धरून म्हणालं, "आता तुम्ही कायमच्या आमच्याच." आणि त्याच दमात ठरलं की इस्टरच्या आदल्या आठवड्यात जीप आणि भोंगा घेऊन सातऱ्यावर मोठी सभा घ्यायची, फोटो काढायचे, बाप्तिस्म्यासाठी नावं घ्यायची.

त्या दिवशी मी पेटीत लुगडी भरली नाहीत. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं होतं.

गावी गेलो तेव्हा शेठ वाटच पाहत होता. भोंग्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. "बाई, तुमी गोष्टी सांगता, मी काही म्हटलं का? पण भोंगा आला, फोटोवाला आला, तं गाव मले सोडन का? मंग तुमच्या मंडळीच्या साऱ्या बाया दुसऱ्या दिवसापासून घरी. मी नाही ठेवणार."

परतताना गाडीत बाई म्हणाल्या, "कमिटीत सांगतो मी. मिरची होती म्हणून."

"नका सांगू बाई. मला परत पाठवतील."

"तुह्या डोळ्याच्या पाण्यावर भोंगा येऊन राहिला, अन् भागरताची चूल इझून राहिली. चूप बसू?"

"आपण कुठं खोटं बोललो? त्यांनीच समजून घेतलं. मला परत पाठवतील बाई, सगळे तेच म्हणतात."

"कोण म्ह..."

"सगळे!" मी ओरडलेच. डब्यातली माणसं पाहू लागली. "तुमचं बरं आहे. तुम्हाला घर आहे. तुम्हाला कोण हलवणार?"

पदर नाकावर गेला नाही.  उमरेड मागे गेल्यावर बाई म्हणाल्या, "माह्यं घर म्हणजे तुह्या खाटेच्या बाजूची खाट वं. दुसरं कुठं आहे?"



कमिटीच्या बैठकीत मोठं टेबल, मधोमध अध्यक्षसाहेब, वयस्कर आणि मऊ. आम्ही दोघी दाराजवळच्या बाकावर. जीप कुणाची, भोंगा कुणाचा, यावर बोलणं चाललं होतं. बाई उठल्या. पदर नाकावर.

"सभा नाही होणार, साहेब. थे जागृती नव्हती. थे मिरची होती."

कुणाला काही उमगलं नाही. बाईंनी सगळं सांगितलं. सेक्रेटरीसाहेबांचा चेहरा पाहवेना. "मी स्वतः पाहिलंय, बाई," ते म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी. लोक काय म्हणतील, मी चर्चमध्ये उभं राहून..."

बाईंनी पदराची गाठ सोडली. आत वाळल्या मिरच्या होत्या. टेबलावर त्यांनी त्या सरळ मोडल्या, चुरल्या, आणि चुरा साहेबांसमोर सरकवला.

"हात लावा अन् डोळे पुसा. तुमालेही होईन जागृती."

अध्यक्षसाहेबांना शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. खजिनदार खिडकी उघडायला धावले. कुणी तरी हसलं आणि खोकल्याचं निमित्त केलं. सेक्रेटरीसाहेब मात्र हसले नाहीत. रुमाल नाकाला लावून ते म्हणाले, "ठीक आहे. सभा रद्द. पण मग जागृतीच नाही, तर या ताईंना कशावर ठेवायचं? शिक्षण सहावी."

"तुमी तिले कामासाठी आणलं का जागृतीसाठी? काम पाहा. पुऱ्या हंगामभर मिरचीत बसली, एक दिवस घरी नाही राहिली. या टेबलावरचं कोणी तिथं एक तास बसणार नाही."

शिंका आवरत अध्यक्षसाहेब म्हणाले, "बाई, खरं सांगायचं तर जागा एकच आहे. तुमचं वय उलटून गेलंय, आम्ही आजवर काणाडोळा केला. दोघींना ठेवता येणार नाही."

मी बाकावरून उठले होते. मला सांगायचं होतं की मी जाते, माझी सवय आहे, माझी पेटी भरायला वेळ लागत नाही.  बाईंनी मागे न पाहताच हात हलवून मला खाली बसवलं.

"एकच आहे ना? मंग तिले द्या."

"बाई, विचार करून..."

"केला. गाडीत केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी आपल्या वस्तू गोळा केल्या. दोन लुगडी, बायबल, गीतांचं पुस्तक, तेलाची बाटली. मग म्हणाल्या, "पेटी दे तुही."

"माझी? का?"

"मले लागते. तुले कुठं जायचं आहे?"

माझी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन बाई छोट्या रेल्वेनं गेल्या. माझी लुगडी दांडीवर राहिली. पळून जावंसं वाटलं असतं तरी ती भरायला पेटी नव्हती.

त्या भागरताच्या पडवीत राहू लागल्या आणि सातऱ्यावर पूर्वीच्याच जागी बसू लागल्या. सदरहून निरोप आला की निवृत्त बाईंनी आता शिकवू नये. "मी मजूर आहे," बाई म्हणाल्या. "मजुराच्या तोंडावर कमिटी कुठून आली?" मी कमिटीच्या वतीनं जायचे आणि त्यांच्या शेजारी पोतं अंथरायचे. रास आधी, गोष्ट मग. नियम त्यांनी स्वतःसाठीही सैल केला नाही. माझी बोटं आता चांगली चालत होती, तरी त्यांचा हात जुन्या सवयीनं माझ्या राशीकडे येई. मी तो परत ढकलायची. त्या पुन्हा आणायच्या. भागरता म्हणे, "या दोघी मिरचीवरून एक दिवस कचेरीत जाणार."

कित्येक हंगाम असे गेले. एका हंगामात, भर सातऱ्याच्या दिवसांत, सकाळी बसल्या त्या दुपारी उठल्या नाहीत. भिंतीला टेकल्यासारख्या मागच्या पोत्यांना टेकल्या होत्या. पदर नाकावर तसाच.

प्रेतविधी त्या लहान चर्चमध्ये झाला. शेठनं सातरा बंद ठेवला आणि स्वतः दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. बाया कामावरून उठून आल्या होत्या, लुगड्यांत मिरची घेऊन. आत दाटी झाली आणि सगळं चर्च शिंकू लागलं. पाळकसाहेबांना वाचन दोनदा थांबवावं लागलं. पुढच्या बाकावर सेक्रेटरीसाहेब होते, आता म्हातारे झालेले. अत्तराचा रुमाल डोळ्यांना लावून बसले होते. पाणी कशाचं ते मी विचारलं नाही. त्यांनीही माझं विचारलं नाही. माझे हात गुडघ्यांवर होते, तळवे वर, बाईंनी शिकवले तसे.

संध्याकाळी सातऱ्यावर गेले तर बाईंच्या जागी त्यांची अर्धी रास पडून होती. मी बसून खुडून टाकली. पण तेवढ्यानं फिटण्यातलं ते नव्हे. मी सावकाश होते त्या पहिल्या हंगामात माझ्या राशीतल्या किती ओंजळी त्यांनी ओढून घेतल्या, ते त्यांनाच ठाऊक.

पाळकसाहेब म्हणतात, वर मिरची नसते, तिथं कुणाच्याच डोळ्यांत पाणी येत नाही. कोण म्हणते? जो म्हणते त्याले इथं येऊन म्हणू दे. बाई आहेत म्हणजे सातरा असणारच, आणि शेजारी एका पोत्याची जागा त्यांनी कुणाला घेऊ दिली नसणार. मी जाईन त्या दिवशी पोतं अंथरीन, न बोलता बसेन, आणि बाईंच्या वाट्याची रास ओंजळीओंजळीनं माझ्याकडे ओढून घेईन. सगळी. त्यांनी हात धरला तरी सोडणार नाही.